रेडिओ स्टेशनचं रेकॉर्ड सामान्य माणसाला पाहता येतं का?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेत म्हणे कुणीही टीव्ही-रेडिओ स्टेशनची फाइल पाहू शकतो, मग मुंबईत तसं करता येईल का आणि सगळं ऑनलाइन गेल्यावर कागद खरंच कमी होतो का.

अमेरिकेतलं खरं आहे. पूर्वी स्टुडिओत जाऊन फाइल मागावी लागे. टीव्हीच्या फायली ऑगस्ट २०१२ पासून तिथल्या प्रसारण नियामक आयोगाच्या (एफसीसी) साइटवर जाऊ लागल्या, रेडिओच्या मार्च २०१८ पर्यंत. कोणत्या उमेदवाराने जाहिरातीची कुठली वेळ केवढ्याला घेतली हेसुद्धा त्यात असतं. चवीने वाचण्याजोगा भाग तोच! शिवाय तिथे कागदपत्रं कमी करण्याचा वेगळा कायदाच आहे. सरकारी खात्याने फॉर्म काढला, तर तो भरायला लोकांचे किती तास जातील याचा अंदाज जाहीर करावा लागतो. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जावर कुणी हे छापून दाखवावं.

आपल्याकडे अशी खुली फाइल नाही. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचं ब्रॉडकास्ट सेवा पोर्टल २०२२ मध्ये आलं, पण ते परवाने घेणाऱ्यांच्या सोयीचं.

आकाशवाणी आणि दूरदर्शन प्रसार भारती या सार्वजनिक संस्थेचे, म्हणून तिथे माहिती अधिकार चालतो. अर्जाचे १० रुपये ऑनलाइन भरता येतात. सरसकट प्रती मागू नका, 'अभिलेखांची पाहणी करायची आहे' असं लिहा. पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये. हवी तेवढीच पानं २ रुपयांप्रमाणे घ्या.

खासगी एफएमला हा कायदा थेट लागत नाही. त्यांच्याकडून जे मंत्रालयाला कायद्याने मागवता येतं, ते मंत्रालयाकडे मागायचं. 'व्यावसायिक गोपनीयता' हे उत्तर येण्याची तयारी ठेवा.

खरी मेख पुढेच आहे. खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओ (कॉलेजं, संस्था आसपासच्या लोकांसाठी चालवतात तो), दोघांनाही प्रसारित कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग किमान तीन महिने जपायचं बंधन आहे. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलाच्या निकालाला आणखी ३० ते ४५. मधले तुमचे विचार करण्याचे दिवस धरा, की तीन महिने संपलेच. म्हणून अर्जाच्या आधी स्टेशनला साधं पत्र द्या: तारीख, वेळ, कार्यक्रम, 'हे रेकॉर्डिंग पुसू नये'. पोच घ्या. नंतर 'आपोआप डिलीट झालं' म्हणणं त्यांना जरा जड जातं.

कागदाचं म्हणाल, तर मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर होते. लॉगचं, म्हणजे काय कधी वाजलं याच्या नोंदींचं रजिस्टर असायचं: वेळ, कार्यक्रम, फाइल नंबर, शेरा, सही. मग सॉफ्टवेअर आलं, लॉग आपोआप निघायला लागला, आणि वरून हुकूम आला की प्रिंट काढून रजिस्टरमध्ये चिकटवा आणि सही करा. आधी एक रजिस्टर वर्षभर पुरायचं. त्या वर्षी डिंकाने फुगलेली तीन झाली.

एकदा पावसात ट्रान्समीटर बसला. सॉफ्टवेअरचा लॉग सांगत होता, कार्यक्रम पूर्ण वाजला. वाजला खरा, पण स्टुडिओतच! बाहेर काहीच गेलं नव्हतं. ते फक्त ड्युटीवरच्या मुलीने पेनने शेऱ्यात लिहिलं होतं: '८.१० ते ८.३४ प्रसारण बंद'. तेव्हा अर्जात नुसतं 'लॉग' लिहू नका, 'ड्युटीवरील नोंदी व शेऱ्यांसह' असं लिहा.