झोप मोडली, की जीव घाबरला?

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत एम. फार्म. करते. पाण्यातल्या छोट्या चौथऱ्यांवर पांढरे उंदीर ठेवून त्यांची रेम झोप (स्वप्नं पडतात तो झोपेचा टप्पा) तोडायची, असा माझा प्रयोग आहे. नैतिकता समितीची परवानगी आहे. ७२ तासांनंतर उंदीर प्लस मेझच्या उघड्या फांद्यांवर सैरावैरा फिरले. (प्लस मेझ म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा उंचावरचा मार्ग : दोन फांद्या उघड्या, दोन भिंतींनी बंद; घाबरलेला उंदीर बंद फांद्यांतच राहतो.) रुंद चौथऱ्यावर ठेवलेल्या तुलनेच्या गटाचंही वजन घटलं. सर म्हणतात, ‘भीती कमी झाली’ असं लिही. मन घेत नाही.

उत्तर : मन घेत नाही ना, मग लिहू नकोस. झोप तुटलेला उंदीर एकूणच जास्त धावतो. बंद फांद्यांत तो किती वेळा शिरला, तो आकडा काढ. तोही वाढलेला असेल तर तू भीती मोजलेली नाहीस, धावपळ मोजली आहेस.

रेम झोपेत अंगातले स्नायू सैल पडतात, नाक पाण्याला लागतं आणि जनावर दचकून उठतं. फ्रान्समध्ये झोपेचे संशोधक जुव्हे आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली मांजरांवर हीच युक्ती वापरली. पण पाण्यासोबत ओलं अंग येतं, गारठा येतो, हलायला जागा नसते. रुंद चौथऱ्यावरच्या उंदराच्याही वाट्याला यातलं बरंच येतं, शिवाय त्याचीही थोडी झोप जातेच. म्हणून वजन घटलं. कोरड्या पिंजऱ्यातला तिसरा गट घे. एकाच टाकीत बरेच चौथरे मांडून एका पिंजऱ्यातले सोबती एकत्र ठेव, एकटेपणा तरी टळेल. एवढं करूनही कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदराच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक, वाढतंच, तेव्हा ते मोजायला हवं. ते संध्याकाळकडे आपोआप चढतं, म्हणून रक्त रोज एकाच वेळी घे. पिंजऱ्याला हात लागल्यापासून तीन मिनिटांत घे, नाहीतर तुझ्या हाताची धास्तीच त्या आकड्यात येईल.

मिरजेत माझ्याकडे अ‍ॅनिमल हाऊस होतं तेव्हाची गोष्ट. विसर्जनाच्या रात्री खिडकीखालून डॉल्बी गेला. सकाळी झाकण उघडलं तर सगळे उंदीर तुसाच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेले, डोळ्यांभोवती लाल कडा. पिंजरे धुणारा मुलगा ओरडला, ‘बाई, रक्त!’ ते रक्त नव्हतं. डोळ्यामागच्या ग्रंथीचा तो लालसर स्राव, ताण आला की पाझरतो. एरवी उंदीर तो चाटून-पुसून टाकतो. त्या दिवशी एकालाही अंग चाटायची शुद्ध नव्हती. ओल्या कापसाने एकेकाचे डोळे पुसताना माझा हात थरथरत होता. त्या बॅचचे सगळे आकडे मी रद्द केले. माझ्या तुलनेच्या गटानेही रात्र जागून काढली होती, आणि वहीत मात्र ‘झोप नेहमीची’ असं लिहिलेलं होतं.

७२ तास खरंच लागतात का, हे सरांना विचार. शिकागोत रेख्टशाफेन यांच्या प्रयोगशाळेत झोप पूर्ण तोडलेले उंदीर ११ ते ३२ दिवसांत मेले किंवा मरणाला टेकले, १९८९ साली ते छापून आलं. झोपेवाचून जीव जातो हे पुन्हा दाखवायची गरज नाही. तुझा प्रश्न स्मरणशक्तीचा असेल, तर दिवसा, त्यांच्या झोपेच्या वेळी, सहा तास पिंजऱ्यावर हलकी टिचकी मारून किंवा घरट्यासाठी नवा कागद टाकून जागं ठेवता येतं. पाणी लागत नाही. फक्त तुला तिथे बसून राहावं लागतं. बदल करायचा तर आधी समितीकडे दुरुस्तीचा अर्ज दे.

त्याआधी आठवडाभर रोज त्यांना हातात घे, तुझा वास ओळखू दे. आणि पुढची बॅच गणपती उलटल्यावरच सुरू कर.