चुलीच्या बाजूने लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आजीवर लिहिलेली तुझी बावीस पानं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि ‘सुवास दरवळला’, ‘चव जिभेवर रेंगाळते’ अशा जागी रेघा मारत गेले. एकोणीस झाल्या. आजी मात्र मला नीट दिसली नाही. तिचे हात तेवढे दिसतात, तेही ताट पुढे करताना.

तू जेवणाच्या पानावर बसून लिहिते आहेस, म्हणून असं होतं. लहानपणीचं जेवण सगळ्यांना तसंच आठवतं, कारण मुलाला ताट दिसतं, आत काय चाललंय ते दिसत नाही. माझंही हेच झालं होतं. तिशीत असताना मी आईच्या पुरणपोळीवर एक लेख लिहिला. आईने तो ओळींवर बोट ठेवून वाचला आणि म्हणाली, “अगं, पोळ्या मोठ्या काकू लाटायच्या. मी मागच्या पडवीत पाट्यावर पुरण वाटत असायचे.” इतकी वर्षं होळीला त्या पोळ्या खाल्ल्या आणि आपली आई त्या वेळी कुठे बसलेली असायची, हे मला ठाऊक नव्हतं. तो लेख मी पुढे कुठल्याच पुस्तकात घेतला नाही.

‘श्यामची आई’ पुन्हा काढ. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली अळणी भाजीची गोष्ट तुला शाळेपासून पाठ असेल, पण आता लिहिणारीच्या नजरेने वाच. रताळ्याच्या पाल्याची भाजी, त्यात मीठ घालायचं राहिलेलं. वडील चुकीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, पोरंही गप्प जेवून उठतात. गोष्ट इथे संपली असती तर ती वडिलांच्या मोठेपणाची झाली असती. ती संपते आई जेवायला बसते तेव्हा. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पहिला घास तिच्या तोंडात जातो आणि तिला कळतं. घरात कोण शेवटी जेवतं, हे वेगळं सांगावंच लागत नाही. भाजी किती चविष्ट होती याबद्दल त्यात काहीही नाही, तरी ती भाजी मराठी माणूस विसरलेला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर चुलीजवळूनच लिहिलेली आहेत. वडिलांचं ते पराकोटीचं सोवळं, बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात न घेणं, आणि त्याच घरातली मुलगी पुढे कुणाच्याही हातचं खायला-प्यायला मनाने तयार कशी झाली, हे सलग वाच. नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतल्यावर तिच्या आयुष्याची जी ओढाताण झाली, ती पाण्याच्या तांब्यापाशी आणि स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी उभी राहून आपल्याला दिसते.

आणि ‘अक्करमाशी’. शरणकुमार लिंबाळ्यांचं हे पुस्तक १९८४चं. त्यात संतामाय, त्यांची आजी, जनावरांच्या शेणातले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते, दळते आणि त्याची भाकरी करते. त्या भाकरीला शेणाचा वास येतो, पोराला ती गिळवत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. इथेही वास आहे, पाहा. पण तो वास त्या दाण्यांची सगळी वाट सांगतो: खळ्यावरून बैलाच्या पोटात, तिथून शेणात, शेणातून आजीच्या ओंजळीत. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ही मिळव. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होतं, चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या, कशा वाळवत, ते त्यात आहे. ‘वदनी कवळ घेता’ म्हणत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांनी त्या शीर्षकातला ‘अ’ आधी पचवावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक पाककृती द्यायचं तुझ्या मनात आहे. मेक्सिकोच्या लॉरा एस्किवेलच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ या कादंबरीत तसं आहे, बारा महिन्यांची बारा प्रकरणं. पण तिथे नायिका तीता स्वतः राबते. जिच्याशी तिच्या प्रियकराचं लग्न लागणार, त्या बहिणीच्याच लग्नाचा केक तिला फेटावा लागतो. कृती आणि दुःख एकाच भांड्यात असतात. तुझ्या पानांतली थालिपीठाची कृती काढून टाकली तर काही अडत नाही, म्हणून ती काढ.

आता तुझी भाकरी. “आजीने गरमागरम भाकरी वाढली.” एवढंच वाक्य आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, हे तुला माहीत आहे का? मग ते साध्या पाण्यात मळलं तर भाकरी थापताना कडेने चिरते. बाई उकळतं पाणी घेते, पीठ हाताला सोसेल तितकं निवू देते आणि तळव्याच्या टाचेने रगडत राहते. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवते, पाणी सुकायच्या आत उलटते, मग विस्तवाकडे तोंड करून फुगवते. तुझी आजी कढत पाणी घ्यायची का? मग गिरणी लांब होती का, की दळणाचे पैसे साठायची वाट पाहावी लागायची? पापुद्रा सुटलेली भाकरी कुणाच्या ताटात जायची आणि चिरलेली कुणाच्या? पहिली भाकरी तव्यावर पडल्यापासून शेवटची उतरेपर्यंत, नऊ माणसांच्या घरात, तिच्या पाठीचं काय होत असेल?

याची उत्तरं तुझ्याकडे नसतील, पण तुझ्या मोठ्या आत्याकडे आहेत. तू लिहिलं आहेस की त्या लग्नापर्यंत आजीच्या हाताखाली होत्या. पाहुणी म्हणून जाऊ नकोस, दोन दिवस राहा आणि त्यांना भाकरी करायला बसव. वही बाजूला ठेव, त्या थापत असताना तू विस्तव सांभाळ. हात कामात असले की बायका जे बोलतात ते समोर बसवून विचारलं तर बोलत नाहीत. आजी कधी जेवायची ते विचार. काय उरलेलं असायचं ते विचार.

तेविसावं पान त्यानंतर लिही आणि मला पाठव.

तुझी,
बाई