‘अनलेस’ म्हणजे नक्की काय? त्याच्यापुढे ‘नॉट’ लावायचा का?

नाही लावायचा. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे: ‘जर अमुक झालं नाही, तर’. समजा, ठाणे स्टेशनवर वाशीची लोकल सुटायला आलीय आणि मैत्रीण रेंगाळतेय. तिला म्हणा, ‘अनलेस यू हरी, वी विल मिस द ट्रेन’. तू घाई केली नाहीस तर गाडी चुकेल. याचंच ‘अनलेस यू डोन्ट हरी’ केलंत, तर घाई केल्यावर गाडी चुकेल, असा उलटा अर्थ होतो. ऐरोली, घणसोलीच्या ऑफिसांतल्या मेलमध्ये ही चूक फार दिसते, म्हणून जरा ठासून सांगतेय.

वाक्याच्या ‘अनलेस’वाल्या भागात ‘विल’ही नको; ते दुसऱ्या भागात चालतं, वरच्या ‘वी विल मिस’सारखं. पुढची गोष्ट असली तरी साधा वर्तमानकाळच: ‘अनलेस इट रेन्स’.

मात्र प्रत्येक ‘इफ नॉट’च्या जागी ‘अनलेस’ बसत नाही. ‘ती आली नाही तर मला आश्चर्य वाटेल’ इथे ‘इफ शी डजन्ट कम’च हवं.