सिंथेसायझरवर हार्ड सिंक लावल्यावर दुसऱ्या ऑसिलेटरची (लहर तयार करणाऱ्या भागाची) पिच फिरवली तरी सूर का बदलत नाही?

कारण सिंकमध्ये एक ऑसिलेटर मास्टर असतो आणि दुसरा त्याच्या ताब्यातला स्लेव्ह; सूर मास्टर ठरवतो. स्लेव्हची पिच फिरवली की बदलतो तो फक्त आवाजाचा पोत. मास्टरचं आवर्तन पूर्ण झालं की तो स्लेव्हची लहर, ती जिथे असेल तिथे तोडून पुन्हा सुरुवातीला नेतो. समजा मास्टर ११० हर्ट्झ आणि स्लेव्ह २७५ हर्ट्झ. स्लेव्हची अडीच आवर्तनं होतात, मग कचकन तुकडा. हा अर्धवट आकार सेकंदाला ११० वेळा येतो, म्हणून कानाला ११० चाच सूर ऐकू येतो. तुटलेल्या कडेमुळे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले स्वर) वाढतात, आणि स्लेव्हच्या फ्रिक्वेन्सीच्या आसपासचे जास्त उठतात. तोच तो चिरका, किंचाळणारा आवाज.

करून बघायचं तर:
- मिक्सरमध्ये मास्टर शून्यावर, फक्त स्लेव्ह ऐका. (ही पायरी चुकली की सिंक 'लागतच नाही' असं वाटतं.)
- दोन्हीकडे सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर), स्लेव्ह मास्टरच्या थोडा वर.
- एन्व्हलप (कळ दाबल्यावर वेळेनुसार बदल घडवणारा भाग) फक्त स्लेव्हच्या पिचला: अटॅक (चढायचा वेळ) शून्य, डिके (उतरायचा वेळ) अर्धा सेकंद, झेप एक-दोन सप्तकं.
- फिल्टर (वरचे हार्मोनिक्स कापणारा भाग) उघडा ठेवा, नाहीतर सगळी गंमत तिथेच अडते.

कुठला ऑसिलेटर स्लेव्ह आहे ते मात्र आधी तपासा. प्रॉफेट-५ या सिंथवर ऑसिलेटर ए हा ऑसिलेटर बी च्या तालावर चालतो, बऱ्याच सिंथवर उलटं असतं. एक अपवाद: स्लेव्ह मास्टरच्या बरोबर दुप्पट झाला तर काहीच तुटत नाही, आणि तेवढ्यापुरता सूर चक्क एक सप्तक वर ऐकू येतो.