वाचकांचे प्रश्न : टर्मिनलवरचा पास्कल

यावेळच्या प्रश्नांमधले बरेचसे फ्री पास्कलबद्दल, म्हणजे पास्कल भाषेच्या मोफत कंपायलरबद्दल, आहेत म्हणून ते एकत्रच घेतलेत. टर्मिनलवर त्याची कमांड एफपीसी. कमांड देवनागरीत छापतोय, त्यामुळे स्विचमधलं (कमांडला जोडून द्यायच्या पर्यायातलं) कुठलं अक्षर कॅपिटल आणि कुठलं स्मॉल ते शब्दात लिहिलंय, ते नीट बघा, कारण पास्कल भाषेला स्वतःला त्याने काही फरक पडत नाही पण एफपीसीच्या स्विचना पडतो.

प्रश्न : कॉलेजात टर्बो पास्कल शिकलो, तिथं निळ्या स्क्रीनवर लिहिणं, कंपाइल, रन सगळं एकाच जागी व्हायचं. आता फ्री पास्कल टाकलंय, टर्मिनलवर एफपीसी आणि फाइलचं नाव दिलं की काहीतरी ओळी येतात आणि प्रॉम्प्ट परत येतो, प्रोग्रॅम काही चालत नाही. पायथॉनसारखं सरळ रन होत नाही का?

तुमचा प्रोग्रॅम तयार झालाय, फक्त तो चालवायचा तुम्हाला आहे. एफपीसी हा कंपायलर, त्याचं काम मशीन कोडची फाइल बनवून दिली की संपलं. फोल्डरमध्ये बघा, सोर्सच्या नावाचीच एक ऑब्जेक्ट फाइल आणि एक चालणारी फाइल दिसेल, लिनक्सवर तिला एक्स्टेन्शन नसतं, तिच्या नावाआधी डॉट आणि स्लॅश लावून एंटर मारा. आणि त्या "काहीतरी ओळी" सोडून देऊ नका, एरर असेल तर फाइलच्या नावापुढे कंसात दोन आकडे येतात, पहिला ओळीचा आणि दुसरा त्या ओळीतल्या जागेचा. दहा एरर आल्या तरी पहिलीच दुरुस्त करा आणि परत कंपाइल करा, खालच्या बऱ्याच तिच्यामुळेच आलेल्या असतात.

पायथॉनसारखं हवंच असेल तर फ्री पास्कलसोबत इन्स्टंटएफपीसी नावाची कमांड येते, तिला सोर्स फाइल दिली की ती लगेच चालवते. पण तो इंटरप्रिटर, म्हणजे मशीन कोडची फाइल न बनवता प्रोग्रॅम वाचत वाचत चालवणारा, नाही बरं का, ती मागच्या मागे कंपाइल करून चालणारी फाइल कॅशमध्ये ठेवते आणि सोर्स बदललेला नसेल तर पुढच्या वेळी तीच चालवते. लिनक्सवर पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह टाकून तिचा पाथ दिला तर पास्कलची फाइल शेल स्क्रिप्टसारखी वापरता येते, छोट्या कामांना मला हे फार आवडतं.

खरा इंटरप्रिटर पास्कलच्या इतिहासात आहे. निकलॉस वर्थ यांनी १९७० मध्ये भाषा मांडली, पुढे झुरिकच्या त्यांच्या गटाने पास्कल-पी नावाचा कंपायलर दिला जो कुठल्याच खऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवत नव्हता, एका काल्पनिक मशीनसाठी बनवायचा, त्याला पी-कोड म्हणत, आणि आपल्या कॉम्प्युटरवर पी-कोड वाचणारा छोटासा इंटरप्रिटर लिहिला की झालं, पास्कल तिथं आली. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं यूसीएसडी पास्कल याच वाटेने पसरलं. १९८३ चं टर्बो पास्कल मात्र सरळ मशीन कोड काढायचं, फ्री पास्कलही तेच करतं.

प्रश्न : ए आणि बी दोन्ही इंटिजर, दोघांत २००. ए गुणिले बी सरळ राइटलाइनमध्ये टाकलं तर ४०००० येतं, पण तेच सी नावाच्या इंटिजरमध्ये ठेवून सी छापला तर उणे २५५३६. कंपायलरमध्येच बग आहे का?

बग नाही, पण प्रश्न इतका चांगला आहे की यावर जरा जास्त लिहितो. फ्री पास्कलला तुम्ही काहीच सांगितलं नाही तर तो जुन्या पद्धतीचा पास्कल धरून चालतो आणि त्यात इंटिजर १६ बिटचा असतो, म्हणजे उणे ३२७६८ ते ३२७६७. गुणाकार करताना मात्र तो प्रोसेसरच्या स्वतःच्या साइजमध्ये, ३२ किंवा ६४ बिटमध्ये करतो, म्हणून सरळ छापलं तर उत्तर बरोबर. सीमध्ये ठेवताना ते १६ बिटमध्ये कोंबावं लागतं, वरचे बिट जातात, ४०००० मधून ६५५३६ वजा, आले उणे २५५३६. खात्री करायची तर मॅक्सइंट, म्हणजे इंटिजरमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा, छापून बघा, ३२७६७ येईल.

आता उपाय. कमांडमध्ये डॅश, कॅपिटल एम आणि त्याला चिकटून स्मॉलमध्ये ओबीजेएफपीसी असं दिलं की मोड, म्हणजे पास्कलची कुठली पद्धत धरायची ते, बदलतो आणि इंटिजर ३२ बिटचा होतो. डेल्फी (टर्बो पास्कलनंतरचं पास्कल) मोडमध्येही ३२ बिटच. पण नवीन लिहिताना सरळ लाँगइंट लिहा असंच मी सांगेन, तो सगळ्या मोडमध्ये ३२ बिटचाच असतो, म्हणजे उद्या तुमची फाइल दुसऱ्या कुणी वेगळ्या मोडमध्ये कंपाइल केली तरी उत्तर बदलत नाही.

एक सावधगिरी. तुमचा जुना प्रोग्रॅम रेकॉर्डची बायनरी फाइल वाचत असेल तर मोड बदलताना थांबा, कारण रेकॉर्डमधला दोन बाइटचा इंटिजर चार बाइटचा होईल आणि जुनी फाइल वाचताना सगळे आकडे सरकतील. तिथं स्मॉलइंट असं स्पष्ट लिहा, तो दोन बाइटचाच राहतो. रिअलचं तर मोड न बदलताही होतं, टर्बो पास्कलमध्ये तो ६ बाइटचा होता, इथे ८ चा आहे, त्यामुळे जुन्या फाइलमधले रिअल सरळ वाचता येत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे चुकीचं उत्तर गुपचूप आलं, त्याचा मला खरंच त्रास होतो, कारण कंपायलरला पकडता येतं, आपण त्याला सांगत नाही. डॅश, कॅपिटल सी, स्मॉल आर हा स्विच दिला की रेंज तपासली जाते, तुमचा प्रोग्रॅम उणे आकडा छापण्याऐवजी रनटाइम एरर २०१ देऊन थांबेल. अ‍ॅरेच्या बाहेरचा इंडेक्सही हाच स्विच पकडतो. सोबत डॅश, स्मॉल जी, स्मॉल एल द्या, नाहीतर एररसोबत नुसते हेक्सचे पत्ते दिसतात, हा दिला की ओळ नंबर दिसतो. कॅपिटल सीनंतर स्मॉल ओ हा वेगळा स्विच आहे, गुणाकार-बेरीज मशीनच्या साइजच्याच बाहेर गेली तर तो एरर २१५ देतो, तुमच्या केसमध्ये त्याने काही पकडलं नसतं. तपासण्यांनी प्रोग्रॅम थोडा हळू होतो हे खरं, पण शिकताना आणि टेस्ट करताना त्या चालूच ठेवा, कमांड विसरायची भीती असेल तर सोर्सच्या वरतीच महिरपी कंसात डॉलर, आर आणि अधिकचं चिन्ह लिहून टाका.

प्रश्न : इफ-देन-एल्स लिहिलं की एल्सवर सिंटॅक्स एरर येते, एल्समध्ये तर काहीच चूक दिसत नाही.

चूक एल्सच्या आधीच्या ओळीत आहे, तिथला सेमिकोलन काढा. पास्कलमध्ये सेमिकोलन दोन स्टेटमेंट वेगळी करतो, सी भाषेसारखा स्टेटमेंट संपवत नाही, आणि इफपासून एल्सच्या शेवटापर्यंत सगळं मिळून एकच स्टेटमेंट. सेमिकोलन दिसला की कंपायलर म्हणतो इफ संपलं, मग पुढे एकटाच एल्स भेटतो आणि तो तिथलाच नंबर दाखवतो. एंडच्या आधीचा सेमिकोलन मात्र चालतो.

प्रश्न : टर्बो पास्कलमध्ये बनवलेली जुनी ईएक्सई डॉस एम्युलेटरमध्ये टाकली तर सुरू होतानाच रनटाइम एरर २०० येते. २०० म्हणजे शून्याने भागाकार ना? माझ्या प्रोग्रॅममध्ये भागाकारच नाही.

तुमच्यात नाही, सीआरटी युनिटमध्ये, म्हणजे टर्बो पास्कलसोबत येणाऱ्या स्क्रीन-कीबोर्डच्या तयार कोडमध्ये, आहे. प्रोग्रॅमच्या वरच्या यूजेसच्या ओळीत सीआरटी असलं की ते युनिट तुमच्या पहिल्या ओळीच्या आधी चालतं आणि डिले या ठरावीक वेळ थांबवणाऱ्या प्रोसिजरसाठी मशीनचा स्पीड मोजतं, घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदात, रिकामा लूप किती वेळा फिरला ते मोजायचं आणि त्या आकड्याला ५५ ने भागायचं. मशीन फास्ट असेल तर उत्तर १६ बिटमध्ये मावत नाही, आणि इंटेलच्या प्रोसेसरवर उत्तर न मावणं आणि शून्याने भागणं दोन्हींना एकच इंटरप्ट आहे, म्हणून एररही २०० च दिसते. नव्वदच्या दशकात मशीन साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेल्यावर हे चांगले चालणारे प्रोग्रॅम जगभर असेच पडायला लागले होते.

सोर्स असेल तर फ्री पास्कलने परत कंपाइल करा, त्याच्या सीआरटीमध्ये हा प्रकार नाही. मोडच्या स्विचमध्ये कॅपिटल एमनंतर स्मॉल टीपी दिलं की तो टर्बो पास्कलच्या बराच जवळ वागतो. फक्त ईएक्सईच उरली असेल तर एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये सायकल्स नावाचा आकडा असतो तो कमी करा, प्रोग्रॅम सुरू झाला की परत वाढवता येतो कारण ते मोजमाप सुरुवातीला एकदाच होतं, फक्त मग डिले जिथे वापरलाय तिथे थांबण्याचा वेळ कमी होईल.