बाई चालल्यात आणि मुलीचं पोट दुखतंय

"रोज सकाळी पोट दुखतं म्हणते, रविवारी मात्र काही नाही. नाटक करतेय का ती?" सातवीतल्या मुलीच्या आईने खुर्चीत टेकता टेकता विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सहामाही संपली की वर्गाच्या बाई दुसऱ्या गावी जाणार, हे मुलांना कळून तीन आठवडे झाले होते. तिघी जिवलग मैत्रिणींपैकी एकीची शाळाही वार्षिक परीक्षेनंतर बदलणार होती. डॉक्टरांनी तपासलं होतं, पोटात काही निघालं नव्हतं.

नाटक नव्हतं. मनावर ताण आला की पोटात खरोखर दुखतं, मोठ्यांच्यासुद्धा. रविवारी दुखत नाही, यावरून ताण शाळेशी जोडलेला आहे एवढंच कळतं.

पहिल्या भेटीत मुलगी बाईंबद्दल अवाक्षर बोलली नाही. राग सगळा मैत्रिणींवर. वर्ग मिळून निरोपाचं मोठं कार्ड करत होता. हिने सही करायला नकार दिला आणि तिघींत अबोला धरला गेला. "त्यांना काही वाटतच नाही. एक तर नुसती टिकल्या चिकटवत बसलीय."

दुसऱ्या भेटीत तिने दप्तरातून मराठीची वही काढली. निबंधाच्या कडेला लाल शाईत लिहिलं होतं, 'पुढे काय झालं? मला वाचायचंय.' त्यानंतरची पानं कोरी. तीन आठवडे गृहपाठ ती दुसऱ्याच वहीत करत होती. "ही संपली तर..." म्हणून थांबली. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "सही केली की बाई खरंच जाणार."

केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखांवर पुस्तक संपादित केलं, ज्यांना भोवतालचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत. बाई जाण्याचं दुःख त्यातलंच. घरात कुणी गेलं तर चार माणसं भेटायला येतात, बाई गेल्या तर पोराला सांगतात, "नवीन येतील की!" ही आईही दिवसातून चारदा तेच सांगत होती, आणि मायेनेच. पण मुलीला त्यात ऐकू येत होतं की तुझ्या बाईंच्या जागी कुणीही चालेल. मी आईला म्हटलं, हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, "बाईंचं काय काय आवडतं गं तुला?" आणि मग नुसतं ऐका.

शाळा मात्र चुकवायची नाही, हे मी ठामपणे सांगितलं. घरी राहिलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशीची सकाळ आणखी जड होते. मुलीची हरकत नाही ना ते विचारून आई बाईंशीही बोलली. मुलांना त्रास नको म्हणून काही शिक्षक गुपचूप निघून जातात. मला ते मनापासून पटत नाही. शेवटचा दिवस कोणता, हे मुलांना आधी कळायला हवं. आणि 'मी भेटायला येईन' हे खरंच येणार असाल तरच म्हणावं.

मैत्रिणींचं काय? मी तिला एवढंच सुचवलं, की टिकल्या लावणारीला एकदा विचारून बघ, तुला काय वाटतंय. शाळा बदलणारी हीच ती मैत्रीण. तिने उत्तर दिलं, "कार्ड पूर्ण झालं की मला रडू येईल, म्हणून लावत बसलेय." त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिघी पुन्हा एकत्र बसल्या.

असं दुःख काही आठवडे राहणं मी साहजिक मानते. पण झोप, जेवण, खेळ सगळंच बिघडलं, शाळा पूर्ण सुटली किंवा मूल जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर थांबू नका, लगेच तज्ज्ञाकडे न्या.

कार्डावर तिने शेवटपर्यंत सही केली नाही. शेवटच्या दिवशी वहीत त्या निबंधाचा पुढचा भाग लिहून बाईंना दिला. बाईंनी तो व्हरांड्यात उभ्याउभ्याच वाचला आणि लाल पेन मागून घेतलं. खाली काय लिहिलं ते मुलीने मला दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. सोमवारी सकाळी तिचं पोट दुखलं. पाणी प्यायली आणि शाळेत गेली.