दवाखान्याचे थकीत बिल, वसुलीचे फोन आणि दिवाणी न्यायालयाचे समन्स

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. बिल २,८६,००० रुपयांचे झाले. होते नव्हते ते गोळा करून आम्ही बहुतेक रक्कम भरली आणि बाकीसाठी यजमानांनी एका छापील कागदावर सही करून दिली. पुढे वर्षभराने सासरे वारले. यजमान अंबडच्या कारखान्यात कामगार आहेत. गेले दोन महिने रुग्णालयाचा वसुली एजंट रोज फोन करतो, शेजाऱ्यांनाही विचारतो, आणि “मंगळसूत्रसुद्धा जप्त होईल” असे मला म्हणाला. बारा दिवसांपूर्वी बेलिफाने समन्स आणून दिले. दावा १,७८,००० रुपयांचा असून यजमान प्रतिवादी क्रमांक १ व मी क्रमांक २ आहे. आता एजंट म्हणतो, “वहिनी, कोर्टात कशाला जाता? वीस हजार माझ्या नंबरवर टाका, एका कागदावर सही करा, दावा काढून घेतो.” कागदपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी, सिडको, नाशिक

उत्तर : आपले पत्र मुदतीचे असल्याने त्यातील तातडीची बाब आपणास त्याच दिवशी टपालाने कळवली होती. अशा प्रसंगात सापडलेली इतरही घरे आहेत, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम एजंटाचा फोन आणि न्यायालयाचा कागद या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा. फोन कितीही वेळा आला तरी त्याने आपले कायदेशीर नुकसान होत नाही; समन्सकडे दुर्लक्ष केले तर मात्र होते, आणि ते भरून काढणे अवघड असते. “कोर्टात येऊ नका” हा सल्ला समोरच्या पक्षाचा माणूस देतो तेव्हा तो कधीही मानू नये. आपण गैरहजर राहिलात, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही, तर दावा एकतर्फी चालतो आणि वादीने मागितलेली रक्कम बहुधा तशीच मंजूर होते. एजंटाला वीस हजार दिले तरी न्यायालयाच्या दप्तरी दावा जिवंतच राहतो, कारण तडजोड लेखी होऊन, दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी न्यायालयासमोर नोंदवली गेली तरच दावा मिटतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत दाखल करावयाची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते, परंतु त्या सवलतीवर विसंबून राहू नये. आपले बारा दिवस गेले आहेत. आपण पाठवलेल्या प्रतीवरून हा साधा दावा दिसतो. ज्या वाचकांच्या समन्सवर ‘आदेश ३७’ किंवा ‘संक्षिप्त दावा’ असा उल्लेख असेल त्यांनी अधिक घाई करावी, कारण तेथे हजेरी नोंदवण्यासाठी दहाच दिवस असतात आणि बचाव मांडण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते.

वकिलाचा खर्च ही आपली मोठी चिंता आहे, असे पत्रावरून जाणवते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि औद्योगिक कामगारही त्याच कलमात येतो. म्हणजे आपण दोघेही अर्ज करू शकता. मध्यवर्ती बसस्थानकाजवळ (सीबीएस) जुन्या आग्रा रोडवर जिल्हा न्यायालय आहे. तेथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे समन्स, दाव्याची प्रत, आधार कार्ड आणि यजमानांचे कामगार असल्याचे ओळखपत्र घेऊन जा. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते. ही मदत उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळते. संकोच करू नये.

आता कैफियतीकडे वळू, कारण सगळा भार तिच्यावर आहे. पुष्कळ लोक “वादीचे म्हणणे खोटे असून मान्य नाही” एवढेच लिहून मोकळे होतात. संहितेचा आठवा आदेश असे मोघम नाकारणे पुरेसे मानत नाही; जे विधान नेमकेपणाने नाकारलेले नाही ते कबूल धरले जाऊ शकते. म्हणून दाव्यातील प्रत्येक परिच्छेद घेऊन त्यातील खरे काय, खोटे काय आणि आपल्याला माहीत नसलेले काय हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. त्यासाठी मी आपले बिल आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून वाचले. बिलात अतिदक्षता विभागाचे नऊ दिवस लावले आहेत, दिवसाला ६,५०० रुपये. डिस्चार्ज कार्डावर मात्र सहा दिवसांनंतर रुग्णास सर्वसाधारण वॉर्डात हलवल्याची नोंद डॉक्टरांच्याच अक्षरात आहे. वॉर्डाचा दर त्याच बिलात १,५०० रुपये आहे. तेव्हा तीन दिवसांचे दिवसाला ५,००० याप्रमाणे १५,००० रुपये जादा लागले आहेत. दुसरी गोष्ट, दाखल करताना भरलेल्या २५,००० रुपयांच्या रोख अनामतीची पावती आपल्याकडे आहे, पण रुग्णालयाच्या खातेउताऱ्यात १,६५,००० रुपयेच जमा दिसतात आणि त्यात ही पावती नाही. म्हणजे बाकी १,२१,००० ऐवजी ८१,००० रुपये निघते. कैफियतीत हे असेच, आकड्यांनिशी आणि कागदाच्या तारखेनिशी लिहावे, उदाहरणार्थ : “परिच्छेद ४ मधील अतिदक्षता विभागाच्या नऊ दिवसांचे शुल्क प्रतिवादीस नाकबूल आहे; वादीच्याच डिस्चार्ज कार्डाप्रमाणे रुग्ण तेथे सहा दिवस होता.” सोबत त्या कागदांची यादी आणि प्रती जोडाव्यात. यूपीआयने भरलेल्या रकमांसाठी मोबाइलवरील चित्रापेक्षा बँकेकडून शिक्क्यानिशी घेतलेला खातेउतारा अधिक उपयोगी पडतो. औषधांच्या बिलांकडेही एकदा निवांत पाहा. परत केलेली औषधे आणि इंजेक्शने वजा झाली आहेत की नाहीत, हे नेटाने तपासणारी माणसे फार थोडी असतात.

जे खरे आहे ते मात्र नाकारू नका. सासऱ्यांवर उपचार झाले, यजमानांनी सही केली, काही बाकी उरली, हे मान्य करण्यात कमीपणा नाही; उलट नेमके बोलणाऱ्या पक्षावर न्यायालयाचा विश्वास बसतो. ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी त्या रात्री धावपळ केली त्यांचे देणे द्यावे, ही आपली इच्छा पत्रातूनही दिसते. प्रश्न फक्त खऱ्या देण्याचा आकडा किती, हा आहे.

दाव्यातील १,७८,००० मधून रुग्णालयाने दाखवलेली १,२१,००० ची बाकी वजा जाता उरलेल्या ५७,००० रुपयांपैकी ५२,६३५ रुपये हे १८ टक्के दराने धरलेले व्याज आणि ४,३६५ रुपये ‘वसुली खर्च’ आहेत. यजमानांनी सही केलेल्या छापील कागदाची प्रत मी दोनदा वाचली. त्यात व्याजाचा दरही नाही आणि वसुली खर्चाचा शब्दही नाही. व्याजाचा करार नसेल तर व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे साधारणपणे व्याजाची मागणी करणारी लेखी नोटीस दिल्याच्या दिवसापासूनच व्याज मागता येते, आणि तेही बँकांच्या प्रचलित दराच्या मर्यादेत. आपल्याला तशी नोटीस केव्हा मिळाली हे कैफियतीत अवश्य लिहा.

आपले नाव दाव्यात का आहे, असेही आपण विचारले आहे. कागदांवरून त्याला आधार दिसत नाही. आपण कोणत्याही कागदावर सही केलेली नाही, आणि पती हयात असताना सून सासऱ्यांची वारस ठरत नाही. यजमानांची जबाबदारी त्यांच्या सहीमुळे येते. केवळ वारस म्हणून जबाबदारी आली असती तर ती सासऱ्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच राहिली असती, म्हणून त्या छापील कागदावर यजमानांनी नेमके काय मान्य केले आहे, स्वतः पैसे देण्याची हमी की केवळ नातेवाईक म्हणून नोंद, हे वकिलांना बारकाईने वाचायला सांगा. तरीही आपण हजर राहून स्वतंत्र कैफियत दिलीच पाहिजे. नाव चुकीचे घातले आहे म्हणून घरी बसलेल्या प्रतिवादीविरुद्धही एकतर्फी हुकूमनामा (रक्कम देण्याचा न्यायालयाचा निर्णय) होऊ शकतो.

तीन वर्षे उलटली म्हणून दावा मुदतबाह्य आहे, असे आपल्या भाच्याने सुचवले आहे. मुदत तीन वर्षांचीच असते हे खरे, पण ती दावा दाखल होण्याच्या दिवसापर्यंत मोजतात, समन्स मिळण्याच्या दिवसापर्यंत नव्हे. आपला दावा डिस्चार्जनंतर दोन वर्षे पाच महिन्यांनी दाखल झाला आहे. या मुद्द्यावर वेळ घालवू नका.

रुग्णालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे काय, हेही पाहा. तसे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देण्याचे बंधन त्याच्यावर येते. दाखल करताना आपल्याला हे सांगितले गेले नसेल तर तडजोडीच्या बोलणीत तो मुद्दा जरूर मांडावा.

एजंटाविषयी. तो न्यायालयाचा अधिकारी नाही, त्याला आपल्या घरातील वाटीसुद्धा उचलण्याचा अधिकार नाही. जप्ती होते ती हुकूमनामा झाल्यावर, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल झाल्यावर, न्यायालयाच्या हुकमाने आणि बेलिफाकरवी. तेव्हाही संहितेचे कलम ६० घराला कवच देते : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. मंगळसूत्राची धमकी देणाऱ्या त्या माणसाला हे ठाऊक असो वा नसो, आपल्याला ते ठाऊक असले पाहिजे. ते वाक्य वाचताना मला फार वाईट वाटले, आणि एखाद्या सुनेला दोन महिने या भीतीत झोपावे लागले याचा संतापही आला. यजमानांची भविष्य निर्वाह निधीची रक्कम सुरक्षित आहे. पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांशही जप्तीबाहेर राहतात. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, आणि बिल थकणे हा मुळात गुन्हाच नाही. (यजमानांनी धनादेश दिला असता आणि तो न वटता परत आला असता तर गोष्ट वेगळी होती, तेथे नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न भरल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते.)

त्याच्या फोनांची तारीख, वेळ आणि बोललेले शब्द एका वहीत लिहून ठेवा. “सर्व बोलणे वकिलांमार्फत लेखी करा” असा एकच संदेश रुग्णालयाला आणि त्याला पाठवा. धमक्या थांबल्या नाहीत तर ती वही घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. ज्यांनी उपचारासाठी वित्त कंपनीकडून हप्त्यांचे कर्ज घेतले आहे त्यांना आणखी एक आधार आहे : रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर करता येत नाहीत, आणि कंपनीने तक्रारीची ३० दिवसांत दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आपले देणे थेट रुग्णालयाचे असल्याने हा नियम आपल्या एजंटाला लागू होणार नाही.

तो पुढे करत असलेल्या कागदावर सही मुळीच करू नका. आपण पाठवलेल्या छायाचित्रात “संपूर्ण थकबाकी रु. १,७८,००० मान्य आहे” हे वाक्य अगदी खाली, बारीक अक्षरांत आहे. अशी लेखी कबुली हातात आली की तिच्याच आधारे हुकूमनामा मागता येतो, आणि अनामतीची पावती, सहा दिवसांचे डिस्चार्ज कार्ड, सगळे निरुपयोगी होते. पैसेही त्याच्या नंबरवर टाकू नका.

तडजोडीला माझा विरोध नाही. कैफियत दाखल झाल्यावर ती अवश्य करावी. प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याचा अर्ज द्या. तेथे मिटलेल्या दाव्यात वादीला न्यायालय शुल्क परत मिळते, म्हणून रुग्णालयेही तयार होतात. ८१,००० हा आकडा धरून बोला, झेपेल तेवढाच मासिक हप्ता कबूल करा, रक्कम रुग्णालयाच्या बँक खात्यातच भरण्याचे ठरवा, आणि ‘संपूर्ण व अंतिम’ हे शब्द निवाड्यात आहेत याची खात्री करून मगच सही करा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही.

प्रश्न : माझ्या भावावर रुग्णालयाच्या बिलाचा दावा झाला होता हे आम्हाला दरखास्तीची नोटीस आल्यावर गेल्या आठवड्यात कळले. समन्स जुन्या भाड्याच्या घरावर चिकटवले होते. आता काही करता येईल काय?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : होय, पण लगेच. आदेश ९ नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवसांची असते. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून ती मोजतात, म्हणजे आपले दिवस गेल्या आठवड्यापासून सुरू झाले आहेत. भावाने ते घर केव्हा सोडले हे दाखवणारा भाडेकरार, नव्या पत्त्याचे वीज बिल किंवा मुलांच्या शाळेचा दाखला अर्जासोबत जोडा आणि दरखास्तीला स्थगिती देण्याचा स्वतंत्र अर्ज त्याच दिवशी द्या. न्यायालय काही रक्कम भरण्याची अट घालू शकते, तेवढी तजवीज आधी करून ठेवा. दरखास्तीच्या नोटिशीवर जी तारीख आहे त्या दिवशी भावाने स्वतः हजर राहावे.